टेक्नॉलॉजीचे टप्पे, मिरकरवाड्याच्या जेटीवरून

सर, तुमचा प्रश्न आधी इथे लिहून घेतो म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही शाळेत विज्ञान प्रदर्शनाचा तक्ता करताय, तंत्रज्ञानाच्या इतिहासातले मोठे टप्पे असा, आणि मुलांनी आणलेल्या यादीत चाक, छपाई, वाफेचं इंजिन, कॉम्प्युटर, इंटरनेट असं नेहमीचंच आलंय. तुम्ही विचारताय की कोकणातल्या पोरांना आपलं वाटेल असं त्यात काय घालावं, आणि जीपीएससमोर नेमकं कुठलं साल लिहावं कारण प्रत्येक ठिकाणी वेगळंच दिसतं. मी बोटींवर इलेक्ट्रॉनिक्स बसवायचं काम करतो, हर्णैपासून मालवणपर्यंत, म्हणजे जीपीएस, फिशफाइंडर (पाण्याखालचा मासा दाखवणारं मशिन), वायरलेस, बॅटऱ्या, लाइटी सगळं, तेव्हा त्याच अंगाने सांगतो.

जीपीएससमोर २००० लिहा. २ मे २०००. पोरं म्हणतील नेटवर तर १९७८ आहे, तर तेही खरंय, १९७८ च्या फेब्रुवारीत पहिला जीपीएस उपग्रह वर गेला. आणि त्याच्याही मागे जायचं तर १९५७, रशियाने ऑक्टोबरमध्ये स्पुटनिक सोडला आणि अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सच्या लॅबमधले गुइयर आणि वायफेनबाख असे दोघं जण त्याची बीप बीप ऐकत बसले, त्यांच्या लक्षात आलं की उपग्रह जवळ येताना सूर चढतो आणि लांब जाताना उतरतो, त्या फरकावरून तो आभाळात कुठे आहे ते काढता येतंय. मग त्यांच्या साहेबांनी, मॅक्ल्युअर नावाच्या, उलटा प्रश्न विचारला की उपग्रह कुठे आहे ते माहीत असेल तर खाली ऐकणारा कुठे आहे ते निघेल का? निघालं. त्यातून ट्रान्झिट नावाची सिस्टीम झाली, ती मुळात पाणबुड्यांसाठी, सुरुवातीला तिथे सामान्य माणसाचा काही संबंध नव्हता.

पुढे जीपीएससुद्धा लष्करासाठीच. १ सप्टेंबर १९८३ ला कोरियाचं प्रवासी विमान वाट चुकून रशियाच्या हद्दीत गेलं आणि त्यांनी ते पाडलं, २६९ माणसं गेली, त्यानंतर अमेरिकेच्या रेगन सरकारने जाहीर केलं की सिस्टीम तयार झाली की सगळ्या जगाला फुकट वापरू देऊ. १९९५ ला ती पूर्ण झाली असं अधिकृत जाहीर झालं. पण त्यात मेख अशी की सामान्यांसाठीच्या सिग्नलमध्ये मुद्दाम चूक घातलेली असायची, आपण रिसीव्हर कितीही चांगला घ्या, जागा शंभरेक मीटर इकडेतिकडे दाखवणारच. ती चूक अमेरिकेचे अध्यक्ष क्लिंटन यांच्या आदेशाने बंद झाली, अमेरिकेत १ मेची मध्यरात्र, आपल्याकडे २ मेची सकाळ. त्या दिवशी कोणी नवीन काही शोधलं नाही, नवीन उपग्रह सोडला नाही, बोटीवरचा डबा पण तोच जुना, आणि तरी तो एकदम दहापंधरा मीटरवर आला. माझ्या मते आमच्या धंद्यातला सगळ्यात मोठा टप्पा हाच.

शंभर मीटरने काय फरक पडतो असं घाटावरच्या माणसाला वाटेल. समुद्राच्या मध्यात काहीच नाही पडत, पण खडप, म्हणजे पाण्याखालचा खडक, शोधताना पडतो. पाण्याखाली जिथे खडप आहे तिथे मासा धरून असतो, आणि तिथेच जाळं अडकून फाटतं, म्हणजे गळ टाकणाऱ्याला खडपावर नेमकं उभं राहायचं असतं आणि जाळंवाल्याला नेमकं त्याच्या बाजूने जायचं असतं. पूर्वी जुने तांडेल, म्हणजे बोट चालवणारे प्रमुख, हे सगळं जमिनीवरच्या खुणांनी करायचे, किल्ल्यावरचा दिवा मागच्या डोंगराच्या कुठल्या घळीवर येतो आणि त्याच वेळी दुसऱ्या बाजूला कुठलं टोक कुठल्या टोकाला झाकतं, दोन रेषा जुळल्या की खाली खडप. भारी पद्धत आहे, भूमितीच्या तासाला शिकवा. पण धुकं पडलं, रात्र झाली किंवा किनारा दिसेनासा झाला की संपली. आणि ही माहिती बापाकडून मुलाकडे जायची, बाहेर नाही. आता तीच माहिती पॉइंट म्हणून, म्हणजे अक्षांश-रेखांशाच्या आकड्यांत, मशिनीत असते, आणि ती पण तितकीच लपवतात हो, मशिन रिपेरला आणताना पॉइंट पुसून आणणारे नाखवे, म्हणजे बोटमालक, आहेत.

एक धंद्यातली गोष्ट तक्त्यात नक्की घाला कारण पोरांना गणितात कामाला येईल. जीपीएस जागा तीन प्रकारे लिहू शकतो, नुसते दशांश अंश, अंश आणि दशांश मिनिटं, किंवा अंश मिनिटं सेकंद. बोटीवर मधला प्रकार चालतो. आता एकाने फोनवर सांगितलं सतरा, पाच, पन्नास. सांगणाऱ्याच्या मशिनीत ते १७ अंश ५.५० मिनिटं आहे, ऐकणाऱ्याने मोबाइलवर टाकलं १७ अंश ५ मिनिटं ५० सेकंद. एक मिनिट अक्षांश म्हणजे एक सागरी मैल, १८५२ मीटर. साडेपाच मिनिटं आणि पाच मिनिटं पन्नास सेकंद यात वीस सेकंदांचा फरक, म्हणजे सहाशे मीटरच्या वर. इकडे अमेरिकेने शंभर मीटरची चूक काढून टाकली आणि आपण सहाशेची परत घातली. बंद पडलेल्या बोटीला शोधायला दुसरी बोट जाते तेव्हा हा घोळ फार महागात पडतो, म्हणून मी मशिन बसवून दिलं की पहिलं सेटिंग हेच दाखवतो.

जीपीएस आतून म्हणजे नुसतं घड्याळ आहे. सुमारे २०,२०० किलोमीटरवरून उपग्रह सांगत असतो की माझ्याकडे आत्ता एवढे वाजले, आणि तो निरोप खाली यायला किती वेळ लागला त्यावरून अंतर. प्रकाशाच्या वेगाने येतोय म्हणजे घड्याळ एक मायक्रोसेकंद चुकलं तर ३०० मीटर गेले. त्या घड्याळांना आइनस्टाइनच्या सिद्धांताप्रमाणे दिवसाला ३८ मायक्रोसेकंदांची दुरुस्ती द्यावी लागते, नाही दिली तर दिवसाला दहाएक किलोमीटरची चूक साठत जाईल. आणि समुद्रावर जागा काढायला घड्याळ लागतं ही कल्पना काही नवीन नाही, १७०७ ला इंग्लंडच्या आरमाराची जहाजं सिली बेटांच्या खडकांवर आपटली, मग १७१४ ला त्यांच्या पार्लमेंटने रेखांश काढून देणाऱ्याला बक्षीस लावलं, आणि जॉन हॅरिसन नावाच्या सुताराच्या पोराने बोटीच्या हेलकाव्यात पण बरोबर चालणारं घड्याळ केलं. त्याचं चौथं घड्याळ १७६१ ला जमैकाच्या सफरीवर गेलं. चार मिनिटांचा फरक म्हणजे एक अंश रेखांश, एवढं साधं गणित, पण ती चार मिनिटं महिनोन्महिने सांभाळायची कशी हाच सगळा प्रश्न होता.

आता फिशफाइंडर, याच्यावर जरा जास्त लिहिणार कारण माझं निम्मं आयुष्य त्यात गेलंय. आवाज पाण्यात सोडायचा आणि तळावरून परत यायला किती वेळ लागला ते मोजायचं, ही आयडिया पहिल्या महायुद्धाच्या आधीची, जर्मनीत बेम नावाच्या माणसाने १९१३ ला पेटंट घेतलं होतं, टायटॅनिक बुडाल्यावर हिमनग कसा ओळखावा ह्या विचारात सगळे होते तेव्हा. खाऱ्या पाण्यात आवाज सेकंदाला साधारण १५०० मीटर जातो. म्हणजे आवाज चाळीस मिलिसेकंदांनी परत आला तर गेला-आला मिळून ६० मीटर, खोली ३०. त्याच्या आधी काय होतं तर दोरीला शिशाचं वजन बांधून खाली सोडायचं आणि किती वाव (एक वाव म्हणजे दोन्ही हात पसरल्यावर होणारी लांबी) दोरी गेली ते हाताने मोजायचं.

पण खोली मोजणं वेगळं आणि मासा बघणं वेगळं. ते केलं जपानमध्ये नागासाकीकडच्या फुरुनो भावांनी. हे लोक बोटींवर लाइटची कामं करायचे, म्हणजे माझीच लाइन. तिकडचे तांडेल त्यांना सांगायचे की पाण्यातून बुडबुडे वर येतात तिथे खाली मासा असतो. युद्ध संपल्यावर खोली मोजायची यंत्रं पडून होती, ह्यांनी ती घेतली आणि बघितलं की बुडबुड्यावरून आवाज परततो का, तर परततो. १९४८ ला त्यांनी फिशफाइंडर म्हणून मशिन बाजारात आणलं. म्हणजे बघा, पेटंट १९१३ चं, आणि मच्छीमाराच्या हातात यायला पस्तीस वर्षं गेली, मधे दोन महायुद्धं झाली, आणि शेवटी काम झालं ते तांडेल काय बोलतोय ते नीट ऐकणाऱ्या वायरमनकडून. तक्त्यात हे दोन्ही आकडे शेजारी शेजारी लिहा. खरं तर सगळ्याच गोष्टींना दोन साल लिहा, शोध कधी लागला आणि छोट्या बोटीवर कधी पोचला, मुलांना मधल्या वर्षांत काय अडलं ते शोधू दे, कारण कधी पैसे अडलेले असतात, कधी परवानगी, आणि कधी साधी खारी हवा.

स्क्रीन वाचायची कशी ते पण सांगतो, कारण नव्वद टक्के लोकांना वाटतं समोर जे दिसतंय ते बोटीच्या पुढचं चित्र आहे. तसं नाही. उजव्या कडेची उभी पट्टी म्हणजे आत्ता, ह्या क्षणी बोटीखाली काय आहे ते, आणि डावीकडे सरकत गेलेलं सगळं मागे गेलेलं. बोट नांगरून ठेवलीत आणि खाली एकच मासा थांबून राहिला तर स्क्रीनवर लांबलचक रेघ उमटते, नवीन माणूस ओरडतो केवढा मोठा मासा म्हणून. तळ कसा आहे ते पण कळतं, खडप असेल तर रेघ जाड आणि गडद, आणि तिच्या दुप्पट खोलीवर तिचीच दुसरी सावली, कारण आवाज तळावरून पाण्याच्या वरच्या थरावर आपटून परत खाली जाऊन येतो. चिखल असेल तर रेघ मवाळ, सावली नाही. माशाचं म्हणाल तर आवाज परत येतो तो जास्त करून त्याच्या पोटातल्या हवेच्या पिशवीवरून. मुशीला (छोटा शार्क) ती पिशवी नसते, म्हाकूलला (स्क्विड) पण नसते, म्हणून हे दोन्ही स्क्रीनवर पुसट दिसतात, आणि म्हाकूलच्या सीझनला मशिन बिघडलंय म्हणून मला फोन येतात. मालवणात एक म्हातारे तांडेल कायम म्हणायचे, "मशिनीत मासो दिसता, पन जाळ्यात खंय गावता?" त्यांचं चुकीचं नव्हतं, दिसणं आणि सापडणं यात अजून बरंच काही असतं, भांगाचं पाणी (भरती-ओहोटी कमी असते तेव्हाचं) आहे का उधाणाचं, प्रवाह कुठे ओढतोय, जाळं कधी टाकलं.

मशिनपेक्षा खालचा ट्रान्सड्युसर, म्हणजे आवाज सोडणारा आणि परत ऐकणारा भाग, महत्त्वाचा. तो बोटीच्या तळाला अशा जागी लागतो जिथे पाणी गुळगुळीत वाहतं, बोट ढकलणाऱ्या पंख्याच्या जवळ लावला की बुडबुड्यांचा कचरा दिसत राहतो. आपल्याकडे किनाऱ्याजवळ पाणी उथळ, तिथे २०० किलोहर्ट्झ छान बारीक चित्र देतं, खोल गेलात तर ५० लावा, चित्र जाडंभरडं पण आवाज खाली पोचतो. पावसाळ्यात बोट वर ओढली की त्याच्यावरच्या शिंपल्या आणि शेवाळ काढायला खलाशी सरळ खरवडणी घेतात, असं करू नका, आणि बोटीचा जाड रंग त्याच्यावर फासू नका. ऑगस्टमध्ये मासाच दिसत नाही म्हणून येणारी निम्मी गिऱ्हाइकं रंगाने आंधळी झालेली असतात.

वायरलेसबद्दल लिहिताना हात जड होतो. जगदीशचंद्र बोसांनी १८९५ ला कलकत्त्यात बिनतारी लहरींचा जाहीर प्रयोग करून दाखवला, मार्कोनीने १९०१ ला अटलांटिकच्या पार सिग्नल नेला, १९१२ ला टायटॅनिकने वायरलेसवर मदत मागितली आणि जवळच असलेल्या कॅलिफोर्नियन जहाजाचा ऑपरेटर झोपायला गेला होता म्हणून ऐकायला कोणी नव्हतं. त्यावरून १९१४ ला आंतरराष्ट्रीय करार झाला की मोठ्या जहाजांवर चोवीस तास कान देऊन कोणीतरी बसायला हवं. आणि हे सगळं होऊन गेल्यावर, १७ जुलै १९४७ ला, भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली रामदास बोट बुडाली, अमावास्येचं उधाण, वर पावसाळा, सहाशेहून जास्त माणसं गेली. मुंबई हाकेच्या अंतरावर होती आणि बोटीवर वायरलेस नव्हतं. जगले वाचले ते किनाऱ्याला लागले तेव्हा कुठे बातमी कळली. मार्कोनीनंतर सेहेचाळीस वर्षांनी. कोकणातल्या तक्त्यात रामदास नसेल तर तो तक्ता अर्धा आहे असं मी म्हणेन.

आजची परिस्थिती अशी की व्हीएचएफ सेट, म्हणजे जवळच्या पल्ल्याचे वायरलेस, बऱ्याच यांत्रिक बोटींवर आहेत, चॅनल १६ मदतीसाठी राखीव आहे, आणि त्याच सोळावर रात्री गाणी लावतात, सुरमईच्या भावावर चर्चा करतात. कॅलिफोर्नियनचा ऑपरेटर झोपला होता, आमचे जागे आहेत पण चॅनल अडवून बसलेत. व्हीएचएफ सरळ रेषेत जातं, पृथ्वीच्या गोलाईपलीकडे जात नाही, म्हणून अँटेनाच्या उंचीप्रमाणे वीसपंचवीस सागरी मैल धरा, मोबाइल त्याच्या आधीच संपतो. २०१७ ला ओखी वादळ आलं तेव्हा हीच अडचण झाली, केरळ-तामिळनाडूच्या बोटी लांब खोल समुद्रात, त्यांना सांगणार कसं? साठहून जास्त बोटी त्या वेळी आपल्या देवगड बंदरात येऊन थांबल्या होत्या, आठवत असेल तुम्हाला. त्यानंतर २०१९ ला हैदराबादच्या इन्कॉइस या समुद्राची माहिती देणाऱ्या सरकारी संस्थेने उपग्रहावरून वादळाचा इशारा आणि मासळीच्या जागा बोटीवर पोचवणारं जेमिनी नावाचं उपकरण काढलं.

आणि इस्रोचं डॅट आहे, संकटात बटण दाबलं की उपग्रहावरून कोस्टगार्डला निरोप जातो. पहिल्या डॅटमध्ये निरोप जायचा पण पोचला का ते बोटीवर कळायचं नाही. बुडत्या बोटीवरच्या माणसाला आपलं कोणी ऐकलंय हे कळणं किती मोठं असतं ते विचार करा. २०२४ पासूनच्या नव्या डॅटमध्ये उलटा निरोप येतो. माझ्या दृष्टीने हा पण टप्पा, पेपरात कोपऱ्यात आला असेल.

डिझेल इंजिन आणि नायलॉन हे भराभर उरकतो. डिझेलचं चालतं इंजिन १८९७ चं, नायलॉन १९३५ चं, ड्युपॉन्ट कंपनीतल्या कॅरोदर्सचं. नायलॉनला लोक मोजत नाहीत पण मोजा, सुताचं जाळं कुजायचं, ते झाडाच्या सालीच्या काढ्यात उकळून रंगवायला लागायचं, प्रत्येक फेरीनंतर वाळवायला लागायचं. नायलॉनने हे सगळं संपवलं आणि त्याबरोबर हेही झालं की समुद्रात तुटून राहिलेलं जाळं कुजत नाही, वर्षानुवर्षं मासे मारत राहतं.

शेवटचा टप्पा तुमच्या यादीत दिसणार नाही पण रत्नागिरी-मालवणात ह्यावरून मारामाऱ्या झाल्यात, निळा एलईडी. लाल आणि हिरवा एलईडी आधीपासून होते, निळा काही केल्या उजेड पाडेना आणि निळ्याशिवाय पांढरा होत नाही. १९९३ च्या सुमाराला जपानमध्ये नाकामुरांनी लख्ख निळा करून दाखवला, अकासाकी आणि अमानो हे दोघं त्याच्याच मागे होते, तिघांना मिळून २०१४ चं नोबेल मिळालं. घरातला बल्ब, मोबाइलची स्क्रीन, सगळं त्यातूनच. आता समुद्रावर काय झालं ते बघा. रात्री उजेड दाखवला की बारीक जीव आणि मासळी गोळा होते हे पूर्वीपासून माहीत होतं, पण जुन्या दिव्यांना मोठा जनरेटर लागायचा. एलईडीने कमी विजेत प्रचंड उजेड, पाण्याखाली पण सोडता येतो. मग पर्ससीनवाल्यांनी, म्हणजे मोठं जाळं गोल वेढा घालून ओढणाऱ्यांनी, उजेड पाडून लहानमोठी सगळी मासळी एका घेऱ्यात उचलायला सुरुवात केली, आणि किनाऱ्यावरून रापणीचं जाळं ओढणारा, पाण्यात उभं जाळं लावणारा गिलनेटवाला हात हलवत परत. नोव्हेंबर २०१७ ला केंद्राने एलईडीची मासेमारी बंद केली, तरी रात्री किनाऱ्यावरून बघितलं तर क्षितिजावर उजेड दिसतो. मलाही विचारणा होते, लाइटी जोडून द्या म्हणून, पैसे चांगले देतात, मी जोडत नाही. बाकीच्यांचं मी सांगू शकत नाही. पण तक्त्यात नोबेल आणि बंदी दोन्ही एका चौकटीत लिहा, मुलं घरी जाऊन विचारतील आणि ज्यांच्या घरी बोट आहे त्यांच्याकडे त्या रात्री चांगलाच वाद होईल.

नाविकचं, म्हणजे इस्रोच्या जीपीएससारख्या सिस्टीमचं, पण तुम्ही शेवटी विचारलं होतंत, जीपीएसऐवजी ते लिहावं का. ऐवजी नको, खाली लिहा. पहिला उपग्रह १ जुलै २०१३, सातवा २०१६ च्या एप्रिलमध्ये, आणि नाव पण तेव्हाच मिळालं. पहिल्या उपग्रहातली घड्याळंच बंद पडली होती, ते पण लिहा, वर घड्याळाचं जे सांगितलं त्याला पुरावा होईल. आपल्या ताब्यातली सिस्टीम असणं का गरजेचं ते समजायला शंभर मीटरची ती मुद्दाम घातलेली चूक पुरे आहे, जी एका सहीने गेली ती एका सहीने येऊ पण शकली असती. बोटीवर आज मी जे मशिन लावतो ते बहुतेक जीपीएसवर चालतं, काही नवीन मशिनी दोन-तीन देशांचे उपग्रह एकत्र घेतात.

मुलांना दाखवायला जुना ट्रान्सड्युसर आणि कागदावर रेघ मारणारा एक जुना इकोसाउंडर माझ्याकडे पडलाय, चालू नाही पण उघडून बघता येईल. न्यायचा असेल तर जुलैत या, १ ऑगस्टला पावसाळ्यातली मासेमारीची बंदी उठली की मला बोलायला पण वेळ नसतो. आणि तक्त्याच्या तळाला कोस्टगार्डचा फुकट नंबर लिहून ठेवा, १५५४, अर्ध्या पोरांच्या घरी तो माहीत नसेल.